पाण्याचा हिशेबनीस

बारामती-इंदापूरच्या कालवापट्ट्यात ‘ब्लॉक’ हा शब्द इतका मराठी झाला होता, की त्याला इंग्रजी म्हणणाऱ्याला गावाने हसण्यावारी नेले असते. अमक्याचा तीन एकरांचा ब्लॉक, तमक्याचा ब्लॉक गेला, मुलगी द्यायची तर आधी ब्लॉक आहे का बघा, अशी ती भाषा. १९८० च्या दशकात मी त्या भागातल्या एका बँकशाखेत शेतीकर्जाच्या टेबलावर बसत असे. उसासाठी कर्ज मागायला येणाऱ्या माणसाच्या अर्जाला सातबारा आणि आठ-अ यांच्या जोडीला कालव्याच्या पाण्याच्या मंजुरीचा कागद टाचलेला असे. जमीन कितीही असो, पाण्याचा कागद नसेल तर आमचे मॅनेजरसाहेब मान वर करीत नसत. त्यांचेही बरोबरच होते. त्या मुलखात पाऊस आठराविश्वे दारिद्र्यासारखा. येतो म्हणतो आणि येत नाही. तिथे जमीन तारण घेणे म्हणजे रिकामी तिजोरी तारण घेण्यासारखे. तारण खरे ते पाण्याचेच.

हा ब्लॉक ज्यांच्या डोक्यातून निघाला त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आपल्याकडे हे नाव घेतले की डोळ्यांपुढे म्हैसुरी फेटा, लांब कोट, कृष्णराजसागर आणि वृंदावन उद्यानातली रंगीत कारंजी येतात. पंधरा सप्टेंबरला इंजिनिअर्स डे येतो, शाळाकॉलेजांतून हार घातले जातात, आणि मेणबत्तीची ती गोष्ट पुन्हा एकदा सांगितली जाते. या माणसाने उमेदीची जवळजवळ पंचवीस वर्षे मुंबई इलाख्याच्या चाकरीत काढली, त्यांतली बरीचशी आपल्या नाशिक, धुळे, पुणे भागात. आणि त्यांच्या कामांपैकी मला सर्वांत मोलाचे वाटते ते काम कुठल्याही धरणाचे नाही, एका वहिवाटीचे आहे. वहिवाटीला पुतळा नसतो. म्हणून ती विसरली जाते.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६० सालचा, म्हैसूर संस्थानातल्या चिकबल्लापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावचा. घराणे मूळचे आजच्या आंध्रातल्या मोक्षगुंडमचे, म्हणून ते नाव. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे पंडित, म्हणजे घरात ग्रंथ भरपूर आणि पैसा बेताचा. मुलगा शाळकरी असतानाच वडील गेले. बंगळूरला नातेवाइकांचा आधार आणि शिकवण्यांची मिळकत यांवर त्याने सेंट्रल कॉलेजातून बी. ए. केले. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो पुण्याला आला, कॉलेज ऑफ सायन्समध्ये. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो ती ही संस्था. १८८३ साली तिथली इंजिनिअरिंगची परीक्षा मुंबई इलाख्यात पहिल्या क्रमांकाने पास झाल्यावर सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअरची जागा मिळाली. हे १८८४. पहिली नेमणूक नाशिक भागात, आणि तिथून खानदेशात.

खानदेशात धुळ्याकडे पांजरा नदीच्या एका पात्रातून पाटाचे पाणी पलीकडे न्यायचे होते. त्यासाठी नळांचा सायफन टाकण्याचे काम या तेविशी-चोविशीतल्या पोराकडे आले. पावसाळ्याचे दिवस, पात्रात पाणी, हाताशी अनुभव नाही. काम झाले. पण मला त्या सायफनपेक्षा दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. पांजरा, मोसम, गिरणा या नद्यांच्या काठी तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आलेली आहे. नदीत दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या सगळ्या शिवाराचे तीन-चार फड पाडलेले. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्या फडात भात, तिसऱ्यात हंगामी भुसार. पुढच्या वर्षी फेरपालट. जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात, म्हणजे पाणी तुटले तर सगळ्यांचेच तुटणार आणि ओसंडले तर सगळ्यांचेच पिकणार. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि त्यांचे मेहनताणे गावानेच ठरवलेले. सरकारचा त्यात हात नाही. विश्वेश्वरय्या या मुलखात घोड्यावरून फिरले, ऐन उमेदीच्या वयात फिरले. पंधरा वर्षांनी नीरेवर त्यांनी जे मांडले त्याचा सांगाडा या फडाशी इतका जुळतो की माझ्यातल्या कादंबरीकाराला दोन्हींत नाते दिसते. हा माझा तर्क. इंजिनिअर मंडळींनी तो तर्क म्हणूनच घ्यावा.

मधली वर्षे मी भराभर ओलांडतो. सिंधमध्ये सक्करला गढूळ सिंधू नदीचे पाणी शहराला पाजायचे होते आणि वाळूच्या गाळण्या बांधायला नगरपालिकेकडे पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणून, वाळूतून आपोआप गाळून येणारे पाणी भुयारातून पंपाशी आणले. हे काम १८९५ साली पुरे झाले. मग सुरत, मग पुणे. पुण्यात रानडे आणि गोखले यांच्याशी स्नेह जुळला. १८९८ साली जपान पाहून आले आणि तिथल्या कारखान्यांनी व शाळांनी भारून गेले. पुढच्याच वर्षी, १८९९ साली, पुण्याच्या पाटबंधाऱ्यांची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि त्यांच्यापुढे नीरा कालव्याचे दुखणे येऊन पडले.

ते दुखणे समजायला थोडे गणित लागते. रविवारी सकाळी चहाबरोबर गणित नको वाटेल, पण हे सोपे आहे आणि बँकेतल्या व्याजाइतके रटाळ नाही.

कालव्याचे पाणी मोजतात क्युसेकमध्ये. एका सेकंदात एक घनफूट पाणी वाहिले की एक क्युसेक. घनफूट म्हणजे सुमारे अठ्ठावीस लिटर, म्हणजे दर सेकंदाला दोन मोठ्या बादल्या. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणून एक क्युसेकचा पाट दिवसभरात ८६,४०० घनफूट पाणी देतो. एकराचे क्षेत्र ४३,५६० चौरस फूट. म्हणजे एक क्युसेक पाणी दिवस-रात्र मिळून जवळजवळ दोन एकर रानावर फूटभर उंचीचे तळे करील. एका पाळीला चार इंच पाणी पुरते असे धरले तर सहा एकर भिजतील. चौदा दिवसांनी पुन्हा पहिल्या शेतावर यायचे असेल, तर तेवढ्या एका क्युसेकवर सुमारे त्र्याऐंशी एकरांचे पोट भरते. एका क्युसेकने किती एकर पिकवले याला इंजिनिअर लोक कालव्याची ड्यूटी म्हणतात. कर्तव्य म्हणजे ड्यूटी, तीच ही. कालव्यानेही आपले कर्तव्य करायचे असते. आणि पिकाला पेरणीपासून काढणीपर्यंत एकूण जेवढे पाणी लागले, ते एकदम रानात उभे केले तर जेवढी उंची होईल, तिला म्हणतात डेल्टा. डेल्टा वाढला की ड्यूटी घटते. एवढ्या दोन शब्दांत निम्मे पाटबंधारेशास्त्र आले.

आता पिके बघा. पाटाने सरळ पाणी सोडायच्या पद्धतीत रब्बी ज्वारीचे सगळे मिळून दीड फुटात भागते. उसाला वर्षभरात सात-आठ फूट लागतात. म्हणजे एक एकर उसाच्या पाण्यात ज्वारीचे पाच एकर निघतात. शिवाय ज्वारी चार महिन्यांत रान मोकळे करते; ऊस बारा-चौदा महिने, आडसाली असेल तर त्याहून जास्त, घरजावयासारखा बसून राहतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात जेव्हा धरण तळाला गेलेले असते तेव्हाच त्याची तहान सर्वांत मोठी असते. हे सगळे पाणी शेतात पोचले असे धरून चाललो आहोत. मातीच्या कालव्यातून धरण ते शेत एवढा प्रवास करताना निम्म्याच्या आसपास पाणी वाटेतच जिरते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही मुद्दलातली गळती झाली.

नीरेचा डावा कालवा हा मूळचा दुष्काळातून जन्मलेला. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर त्याची उभारणी झाली. पुरंदर, बारामती, इंदापूर या कोरड्या तालुक्यांतून शंभरएक मैल जाणारा हा कालवा. त्याला पाणी भाटघरच्या धरणाचे. सरकारचा हिशेब असा की दुष्काळात माणसे जगतील आणि एरवी पाणीपट्टी येईल. दोन्ही फसत होते. पाऊस बरा झाला की ज्वारी-बाजरीवाला कालव्याकडे फिरकत नसे. आभाळातून फुकट मिळते त्याला पट्टी कोण भरणार? पाऊस गेला की सगळा तालुका एकदम दारात, आणि धरणात मात्र सगळ्यांना पुरेल एवढे नाही. बारा महिने पाणी मागणारे गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे ऊसवाला. त्याचा ऊस कालव्याच्या वरच्या गावांत, म्हणजे तोंडाशी, विखरून लावलेला. इथे एक एकर, तिकडे कोस-दीड कोसावर अर्धा एकर. त्या प्रत्येक तुकड्यापर्यंत चारी न्यायची, ती चारी वर्षभर भरलेली ठेवायची, आणि तिच्यातले पाणी दोन्ही बाजूंच्या मधल्या रानात मुरत राहायचे. शेपटाच्या इंदापुराकडच्या गावांना कालव्याचा खड्डा दिसे, पाणी क्वचित दिसे.

जिथे पाणी होते तिथेही सुख नव्हते. शेतकऱ्याला वाफसा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, पण शहरी वाचकांसाठी सांगतो. माती ओली असावी आणि तिच्यात हवाही खेळती असावी, पाऊल टाकले तर चिखल चिकटू नये आणि मूठभर माती दाबली तर ढेकूळ व्हावे, अशी जी स्थिती तो वाफसा. मुळे पाणी पितात तशी श्वासही घेतात. पुन्हा कधी पाणी मिळेल याची खात्री नाही म्हणून मिळाले त्या दिवशी गुडघाभर सोडले, तर मुळे गुदमरतात आणि जादा पाणी खाली उतरून भूजलाला मिळते. नीरेकाठच्या काळ्या, चिकण जमिनीत निचरा आधीच मंद. भूजल वर वर येत जमिनीच्या जवळ आले की दिव्याच्या वातीतून तेल चढते तसे ते मातीतून वर चढते, उन्हाने उडून जाते आणि आपल्याबरोबर आणलेले क्षार वरच ठेवून जाते. मग रानावर पांढरी खपली येते. जमीन चोपण होते, खारवट होते. नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर हॅरल्ड मान आणि ताम्हणे या कृषिखात्यातल्या दोघांनी १९१० साली एक पुस्तिकाच काढली. कालवा सुरू होऊन पुरती तीस वर्षेही झाली नव्हती. शिवाय गावाभोवती डबकी, डबक्यांवर डास आणि घरोघर हिवताप.

या गुंत्यावर विश्वेश्वरय्यांनी जो तोडगा काढला तो हिशेबनिसाचा होता. नवे धरण बांधा असे त्यांनी म्हटले नाही. आहे ते पाणी कुठे जाते ते आधी मांडले. कालव्याखालच्या प्रत्येक गावात चारीजवळचा, चांगल्या जमिनीचा सलग तुकडा निवडायचा, तो ब्लॉक. बारमाही पाणी फक्त ब्लॉकला. ब्लॉकच्या एक-तृतीयांशातच ऊस, उरलेल्या दोन भागांत कमी पाण्याची हंगामी पिके, आणि दर वर्षी ऊस पुढच्या भागात सरकणार. एकाच रानात सतत ऊस राहणार नाही, जमिनीला उसंत मिळेल, पाणी साठून राहणार नाही. तुकडे सलग असल्याने चाऱ्या कमी लागतील, गळती घटेल, आणि वाचलेले पाणी खालच्या गावांतल्या ब्लॉकपर्यंत जाईल. बदल्यात शेतकऱ्याला सरकारकडून काही वर्षांसाठी पाण्याची हमी, आणि सरकारला तेवढ्या वर्षांसाठी पट्टीची हमी.

ही दुसरी बाजू, करार, मला सर्वांत शहाणी वाटते. माणूस पाणी जास्त का घेतो? हावरेपणा हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले उत्तर म्हणजे भरवसा नसणे. ज्या गावात बँक दर आठवड्याला ठरावीक वारी उघडते तिथे लोक उशाखाली नोटा ठेवत नाहीत. जिथे ती कधी उघडेल याचा नेम नसतो तिथे ठेवतात. शेतकऱ्याचे शेत हीच त्याची उशी. चौदाव्या दिवशी पाणी नक्की येणार अशी खात्री पटली की तो चार इंचांवर दारे मोडायला तयार होतो. ज्वारीला पोटरीत, फुलोऱ्यात आणि दाणा भरताना पाणी मिळाले तर मधली एखादी पाळी चुकली तरी चालते. गव्हाला पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांत, मुकुटमुळे फुटतात तेव्हा, ओल नसेल तर पुढे कितीही पाणी द्या, भरपाई होत नाही. पाण्याची किंमत त्याच्या मापात असते तशीच त्याच्या तारखेत असते. चेक वटण्याच्या तारखेला खात्यात पैसे हवेत. चार दिवसांनी आलेले पैसे काय चाटायचे?

सुरुवातीला विरोध झाला. व्हायचाच. तोंडाशी असलेल्या ऊसवाल्यांचे रान ब्लॉकबाहेर पडले, आणि आजवर हवा तिथे ऊस लावणाऱ्याला आता नकाशा दाखवून सांगितले जाऊ लागले. विश्वेश्वरय्यांचा स्वभाव असा की नकाशा बरोबर असेल तर ते हटत नसत. गावोगाव बैठका झाल्या, समजूत घालणे झाले, आणि योजना रुळली. लॉर्ड कर्झनने नेमलेल्या १९०१ ते १९०३ च्या पाटबंधारे आयोगाने, कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ त्याचे अध्यक्ष होते, या पद्धतीची चांगली दखल घेतली. दख्खनमधल्या कालव्यांवर ती पसरली आणि आमच्या शाखेत टाचणी लावून येणाऱ्या त्या कागदापर्यंत पोचली.

याच वर्षांत त्यांनी खडकवासल्याला ते प्रसिद्ध स्वयंचलित दरवाजे बसवले. पावसाळ्यात सांडव्यावरून सहा-आठ फूट उंचीचे पाणी फुकट वाहून जात असे. धरणाची भिंत न वाढवता सांडव्यावर त्यांनी तोललेल्या वजनांवर चालणारे लोखंडी दरवाजे उभे केले. पाणी ठरावीक पातळीला पोचले की ते आपोआप उघडत, ओसरले की आपोआप मिटत. मध्यरात्री पुरात कुणी चाके फिरवायला जायला नको. साठा सुमारे पाव हिश्श्याने वाढला. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावावर झाले, पण नोकरीत असताना केलेल्या कामाचे मानधन त्यांनी घेतले नाही. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही ही रचना आली. पुस्तकांत या दरवाजांची चित्रे असतात. ब्लॉकचे चित्र काढता येत नाही.

एडनला पाणीपुरवठा, मग १९०८ साली मुंबई सरकारची नोकरी सोडणे. चीफ इंजिनिअरची जागा त्या काळी हिंदी माणसाला मिळण्याची चिन्हे नव्हती, आणि वाट पाहत खुर्ची उबवणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. त्याच सप्टेंबरात हैदराबादेत मुसी नदीला महापूर येऊन हजारो माणसे गेली, आणि निजामाच्या सरकारने त्यांना सल्ल्यासाठी बोलावले. शहराच्या वरच्या अंगाला पूर अडवणारे तलाव बांधण्याची त्यांची शिफारस पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर या रूपांत उभी राहिली.

म्हैसूरला ते १९०९ साली चीफ इंजिनिअर म्हणून गेले आणि १९१२ साली दिवाण झाले. कन्नंबाडीला कावेरीवरचे धरण १९११ साली सुरू झाले आणि पुरे व्हायला वीस वर्षे लागली. शिवसमुद्रम येथे होणारी वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना जाई. उन्हाळ्यात नदी आटली की विजेचे हाल, म्हणून साठा हवा. आणि मंड्याकडची कोरडी जमीन भिजवायची म्हणूनही हवा. मद्रास सरकारला मात्र खालच्या तंजावरच्या भातखाचरांची धास्ती. १९१४ साली लवाद झाला, १९२४ साली करार झाला, १९९० साली न्यायाधिकरण नेमले गेले, २००७ साली त्याचा निवाडा आला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाचा. बारामती आणि इंदापूर यांच्यातले भांडण मोठे करून दोन राज्यांच्या नकाशावर ठेवले की कावेरी दिसते. तोंडाचे गाव आणि शेपटाचे गाव. ब्लॉक आखणाऱ्या माणसालाही या भांडणात आपल्या संस्थानाची बाजू घ्यावी लागली आणि त्या वेळी ते तोंडाच्या गावाचे वकील होते. हे मला गमतीचे वाटते आणि थोडे उदासही करते.

दिवाणपदाच्या सहा वर्षांत त्यांनी काय काय केले त्याची यादी इथे देत नाही. एक मात्र माझ्या धंद्यामुळे सांगायलाच हवे. १९१३ साली त्यांच्या पुढाकाराने बँक ऑफ म्हैसूर निघाली. तीच पुढे स्टेट बँक ऑफ म्हैसूर झाली आणि २०१७ साली स्टेट बँकेत विलीन झाली. १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ. पण १९१८ साली ते पायउतार झाले ते ज्या मुद्द्यावर, त्यावर मी त्यांच्या बाजूचा नाही. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना वाटा मिळावा अशी मागणी होती, महाराजांचा कल तिकडे होता, आणि विश्वेश्वरय्यांचा त्याला विरोध होता. त्यांना गुणवत्तेवर आच येईल असे वाटे. पाण्याच्या बाबतीत ज्याला कळले होते की तोंडाशी बसलेल्याला मोकळे सोडले तर शेपटापर्यंत काही पोचत नाही, त्याला नोकऱ्यांच्या बाबतीत तेच दिसू नये, हे कोडे मला सुटलेले नाही. स्वतः गरिबीतून वर आलेल्या माणसाला कधी कधी वाटते की आपण आलो तसे कुणीही येईल. घरात संस्कृत ग्रंथांच्या राशी होत्या हे तो हिशेबात धरत नाही.

कादंबरीकार म्हणून माझी आणखी एक तक्रार आहे. १९५१ साली त्यांनी आठवणी लिहिल्या. पुस्तकाच्या नावातच सांगून टाकले की या आठवणी कामाच्या आयुष्याच्या आहेत. आत घरसंसार जवळजवळ नाही. राग, प्रेम, पश्चात्ताप नाही. पाने उलटावीत तर योजना, समित्या, आकडे. अशा माणसावर कादंबरी लिहिता येत नाही, हे मी प्रयत्न करून सांगतो. फार तर ताळेबंद लिहिता येतो.

तो ताळेबंद नीरेवर मांडला तर काय दिसते? ब्लॉकने गळती कमी केली, उसाला वेसण घातली, खालच्या गावांना हक्क दिला. पण वेसण घातलेला बैल गोठ्यातला होतो. उसाला सरकारमान्य जागा मिळाली, करार मिळाला, करारावर कर्ज मिळू लागले. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. योगायोग असा की मोटारकारखान्याच्या स्वप्नात पुढे हेच वालचंद आणि हेच विश्वेश्वरय्या एकत्र आले. नंतर सहकारी कारखाने आले. एक-तृतीयांशाची मर्यादा कागदावर राहिली आणि कागदाबाहेर विहिरी खोदल्या गेल्या, ज्यांत पाणी कालव्याचेच पाझरलेले. आमच्या शाखेच्या नोंदीत ज्याच्या नावे दीड एकर ब्लॉक असे, त्याचा ऊस मोजायला गेलो तर चार एकर निघे. पाटकरी मान दुसरीकडे वळवी. वसुली चोख असल्याने वरचे कार्यालयही खुश असे. ज्वारीला कर्ज मागणारा शेपटाचा शेतकरी मात्र थकबाकीदार ठरे, कारण त्याची पाळी दाणे भरायच्या ऐवजी कणसे वाळल्यावर येई. त्या थकबाकीदारांना नोटिसा माझ्याच सहीने जात.

दोष पद्धतीचा की ती चालवणाऱ्यांचा, यावर दोन पिढ्यांतले इंजिनिअर भांडत आले. महाराष्ट्राने २००५ साली कायदा करून पाणी वापर संस्थांना घनमापाने पाणी देण्याची वाट धरली: चारीच्या तोंडाशी मोजून द्यायचे, आत शेतकऱ्यांनी आपसात वाटायचे. बंधारा, पाट, फड आणि गावाने नेमलेला पाटकरी हे सगळे आठवावे अशीच ही वाट आहे. ठिबकने उसाचा डेल्टा पुष्कळ खाली आणता येतो हेही सिद्ध झाले आहे, पण वाचलेले पाणी शेपटाला जाते की वरच्याच गावात आणखी एकरभर ऊस वाढतो, हे नळ्या ठरवत नाहीत.

विश्वेश्वरय्यांना १९५५ साली भारतरत्न मिळाले. मंड्याकडच्या आयर्विन कालव्यालाही पुढे ओळखले जाऊ लागले ते त्यांच्याच नावाने. तिथेही ऊस, भात आणि नाचणी यांचा तीनसाली फेरा आखलेला होता. सप्टेंबर १९६० मध्ये बंगळूरला त्यांची शताब्दी साजरी झाली, ते स्वतः हजर असताना. पुढच्या वर्षी १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंत फोडली. त्यांनी तारुण्यात ज्या सांडव्यावर दरवाजे बसवले ते हे धरण. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले.

त्यांची समाधी मुद्देनहळ्ळीला आहे. चिकबल्लापूर हा बारमाही नदी नसलेला जिल्हा. तिथली शेती जुन्या तळ्यांवर आणि हजार-हजार फूट खोल गेलेल्या बोअरवर चालत आली. शेवटी बोअरही आटू लागले. तेव्हा सरकारने बंगळूर शहराच्या हेब्बाळ-नागवार खोऱ्यातले सांडपाणी शुद्ध करून, पंपांनी उचलून, नळांतून त्या बाजूच्या तळ्यांत सोडायची योजना केली. गेल्या काही वर्षांत चिकबल्लापूरच्या तळ्यांत जे पाणी भरले गेले त्यात या शहराच्या मोऱ्यांचे पाणी आहे. बंगळूरच्या नळांना येणारे पाणी मुख्यतः कावेरीचे.